अपील करायचे कोणाकडे?

महापालिकेने बांधकाम परवानगी नाकारली, किंवा दिली पण जाचक अटी घालून दिली, तर दाद कुठे मागायची? ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६’, म्हणजे रोजच्या बोलण्यातला एमआरटीपी कायदा, याचे उत्तर कलम ४७ मध्ये देतो. चाळीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करा, किंवा शासनाने त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे करा. तो उपसचिवाच्या खालच्या दर्जाचा नसावा. अशी कित्येक अपिले नगरविकास खात्याच्या राज्यमंत्र्यांपुढे चालत आली आहेत. मात्र हा हक्क फक्त अर्जदाराचा. शेजारच्या प्लॉटवर नियम डावलून परवानगी दिली गेली, असे ज्याचे म्हणणे आहे त्याच्यासाठी या कलमात एक शब्दही नाही. त्याने महापालिकेत तक्रार अर्ज द्यावा, माहिती अधिकारात नकाशे मागवावेत आणि खिसा परवानगी देत असेल तर उच्च न्यायालयात जावे.

नगररचना कायद्यात सुधारणा हव्यात, असे बिल्डर म्हणतात, वास्तुविशारद म्हणतात, नागरिकांच्या संघटना म्हणतात आणि प्रत्येक सरकारही म्हणते. सुधारणा झाल्याच नाहीत असेही नाही. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळून बहुतेक राज्यासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. त्याआधी जवळजवळ प्रत्येक शहराचे नियम वेगळे होते. एका गावात चालणारा जिना दुसऱ्या गावात चालत नसे. लहान प्लॉटवर, जोखीम कमी म्हणून, परवानगी जवळजवळ आपोआप मिळण्याची सोय झाली. नकाशे संगणकावर तपासले जाऊ लागले. साठ दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे समजण्याची तरतूद तर मूळ कायद्यातच आहे. या सगळ्याचा रोख एकाच बाजूला आहे: परवानगी लवकर कशी मिळेल. ती चुकीची मिळाली किंवा चुकीने नाकारली गेली तर निवाडा कोणी, किती दिवसांत आणि कोणत्या कारणांनिशी करायचा, हा भाग १९६६ पासून जवळपास जागचा हललेला नाही. माझ्या मते नगररचनेच्या सगळ्या वादाची गाठ तिथे आहे.

हा कायदा कुठून आला ते थोडक्यात पाहू. १८९६ च्या प्लेगने मुंबईच्या दाट वस्तीची हालत उघडी पाडली आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. मग १९१५ चा मुंबई नगररचना कायदा आला, देशातला अशा प्रकारचा पहिला. त्यात ‘नगररचना योजना’ हे साधन होते: एका भागातल्या सगळ्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते-बागा काढून घ्यायच्या, उरलेले नीट आकाराचे प्लॉट मूळ मालकांना परत द्यायचे. विलेपार्ले, सांताक्रूझ, माहीम, पुण्याचे शिवाजीनगर हे भाग अशा योजनांतून आकाराला आले. १९५४ च्या कायद्याने संपूर्ण शहराचा विकास आराखडा सक्तीचा केला आणि १९६६ च्या कायद्याने प्रादेशिक योजना, विकास आराखडा, नवी शहरे हे सारे एकाच छत्राखाली आणले. सिडकोला नवे शहर वसवण्याचे अधिकार याच कायद्याने मिळाले.

आराखड्याची वाट कायद्यात सविस्तर आखलेली आहे. महापालिका इरादा जाहीर करते, आहे त्या जमीन-वापराचा नकाशा करते, प्रारूप प्रसिद्ध करते, हरकती व सूचना मागवते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ, अशी नियोजन समिती सुनावणी घेते. मग सर्वसाधारण सभा, मग राज्य शासन. शासन आराखडा मंजूर करते, त्यात बदल करते किंवा काही भाग ‘वगळलेला भाग’ म्हणून बाजूला ठेवून त्यावर पुन्हा हरकती मागवते. वाचताना वाटते, लोकांना बोलायला याहून जास्त संधी आणखी कुठली द्यायची?

पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ चा आराखडा घ्या. त्याच्या प्रारूपावर ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या. कितीतरी हरकती एकाच छापील मसुद्यावर सह्या करून दिलेल्या होत्या, हे मान्य. तरीही प्रत्येकाला पाच मिनिटे द्यायची म्हटली तर सव्वासात हजार तास होतात. रोज आठ तास बसले तर नऊशेहून अधिक कामाचे दिवस. समितीला मिळतात काही महिने. म्हणजे ‘सुनावणी’ ही बहुतेकांसाठी रांगेत उभे राहून अर्जावर हजेरी लावण्यापलीकडे जाऊच शकत नव्हती. समितीतले नगरसेवक आणि तज्ज्ञ यांचे एकमत झाले नाही, शिफारशी दोन वेगवेगळ्या वाटांनी गेल्या आणि सर्वसाधारण सभेत घोळ सुरू असताना मार्च २०१५ मध्ये राज्य शासनाने आराखडाच ताब्यात घेतला. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मंजुरी आली जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे आराखड्याची निम्मी मुदत संपत आली तेव्हा. मधल्या टप्प्यांवर वगळलेली सार्वजनिक सोयींची आरक्षणे मंजुरीत परत आली म्हणून बऱ्याच पुणेकरांना तेव्हा बरे वाटले, आणि ते चुकीचेही नव्हते. पण ज्याची हरकत फेटाळली गेली त्याला ती का फेटाळली हे सांगणारा कागद किती जणांच्या हाती पडला?

मुंबईत वेगळेच घडले. २०१४ ते २०३४ चे प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि दोन महिन्यांत रद्द झाले. देवळे, चर्च, वारसा इमारती यांवरून रस्ते गेलेले, शाळेच्या जागी भलतेच काही दाखवलेले, अशा चुका लोकांनी शोधून काढल्या. चुका सापडल्या त्या नागरिकांनी गल्लीगल्लीत नकाशे घेऊन पडताळणी केली म्हणून. कायद्यातल्या तपासणीच्या कोणत्याही टप्प्यावर त्या अडल्या नव्हत्या. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले, मंजुरी २०१८ मध्ये. त्याआधीचा, १९८१ ते २००१ साठीचा आराखडा १९९१ ते १९९४ या काळात तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाला होता, तेव्हा मुंबईला उशिराचे नवल नाही. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा २०२१ चा प्रारूप आराखडा तर चार वर्षे घोळून २०२५ मध्ये मोडीतच निघाला.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण त्यावाचून अपिलाचा प्रश्न नीट कळत नाही. इंग्लंडमध्ये १९४७ च्या कायद्याने जमीन विकसित करण्याचा हक्कच मालकाकडून काढून घेतला. तिथे प्रत्येक परवानगी हा विवेकाचा निर्णय असतो. आराखडा मार्गदर्शक, पण त्या जागी ती इमारत शोभते का, गरजेची आहे का, याचा विचार अर्जागणिक होतो. आपल्याकडे तसे नाही. झोन निवासी, रस्ता बारा मीटरचा, एफएसआय इतका, सामासिक अंतर इतके. नकाशा नियमात बसला की परवानगी द्यावीच लागते. त्यामुळे आपल्या कलम ४७ च्या अपिलात तत्त्वतः फार थोडे पणाला लागलेले असते. पणाला लागते ते नियम बदलताना, झोन बदलताना, आरक्षण उठवताना. खरा विवेक तिथे वापरला जातो. आणि तिथला निर्णय घेणारा, हरकती ऐकणारा आणि शेवटचा शब्द उच्चारणारा एकच: नगरविकास खाते.

मंजूर आराखड्यात ‘किरकोळ फेरबदल’ करण्यासाठी कलम ३७ आहे. आराखड्याचे स्वरूप बदलत नसेल तर महापालिकेने एक महिन्याची नोटीस द्यावी, हरकती ऐकाव्यात, शासनाकडे पाठवावे. किरकोळ म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही. पुढे त्यात ३७(१कक) आले, त्यानुसार शासन स्वतःहूनही फेरबदल सुरू करू शकते. जोडीला कलम १५४: सार्वजनिक हितासाठी शासन नियोजन प्राधिकरणाला निर्देश देऊ शकते. या दोन कलमांची जोडी लावून काढलेल्या अधिसूचना राजपत्रात नेहमी दिसतात. ३७(१कक) खाली हरकती मागवायच्या, आणि १५४ खाली त्याच कागदात सांगायचे की अंतिम मंजुरीची वाट न पाहता हा बदल आजपासून अमलात आणा. ज्या बदलावर आपले मत मागितले आहे तो बदल लागू झालेला आहे, अशा स्थितीत हरकत लिहिणाऱ्याने कोणत्या आशेने लिहावे?

फेरबदल कागदावर लहान दिसला म्हणून परिणाम लहान नसतो. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ होता. पुनर्विकास करताना जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी, तिसरा हिस्सा म्हाडाच्या घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ मध्ये तो बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता फक्त मोकळ्या, बांधकाम नसलेल्या जमिनीची होईल, असे ठरले. गिरण्यांचा बहुतेक भाग शेडखाली असल्याने शहराच्या वाट्याला येणारी जमीन कितीतरी आटली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल शहराच्या बाजूने दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. लालबाग-परळमध्ये आज जे दिसते त्यामागे त्या नियमातली ती दुरुस्ती आहे. गिरणगावातल्या कोणालाही त्या दुरुस्तीविरुद्ध गुणदोषांवर दाद मागता येईल अशी जागा न्यायालयाबाहेर नव्हती. न्यायालय गुणदोष पाहत नाही. ते पाहते अधिकार होता का, प्रक्रिया पाळली का, निर्णय अगदीच मनमानी आहे का. ‘हे शहरासाठी शहाणपणाचे आहे का’ हा प्रश्न विचारायची जागा आपल्या कायद्यात सरकारबाहेर कुठेच नाही.

गोव्यात हाच आजार अधिक उघडा झाला. तिथे प्रादेशिक आराखडा २०११ लोकांच्या उद्रेकामुळे जानेवारी २००७ मध्ये मागे घ्यावा लागला होता. गोवा बचाव अभियानाने गावोगाव पेटवलेले ते आंदोलन अजून लोकांच्या लक्षात आहे. नंतर आलेल्या प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये ‘अनवधानाने झालेल्या चुका’ दुरुस्त करण्याचा अधिकार २०२३ मध्ये कलम १७(२) द्वारे मुख्य नगर नियोजकाला मिळाला. जमीनमालकाने अर्ज करायचा, आणि भातशेती किंवा बागायत म्हणून रंगवलेला तुकडा वस्तीचा होऊन जायचा. गावाला विचारण्याचे बंधन नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले आणि त्या कलमाचा अर्थ खऱ्याखुऱ्या चुकांपुरता आवळला. तोपर्यंत २०२४ मध्ये कलम ३९अ आले होतेच, झोन बदलाचा आणखी एक रस्ता. एक दार बंद होते तेव्हा शेजारची खिडकी आधीच उघडून ठेवलेली असते.

आता मालकाची बाजू. नागरिक विरुद्ध बिल्डर एवढ्याच चौकटीत हा वाद मांडणारे तिला हात लावत नाहीत. पुण्याच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे, सुमारे ९७८ हेक्टरांचे. त्या टेकड्यांची गावे १९९७ मध्ये शहरात आली. त्या आरक्षणाचा निर्णय लोंबकळत राहिला आणि मंजुरी २०१५ मध्ये आली, भरपाई म्हणून ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकाम हक्क, ठरला. टेकड्या वाचल्या पाहिजेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्याची जमीन त्या हिरव्या रंगाखाली गेली त्याला वर्षानुवर्षे ना विकता आली, ना बांधता आली, ना भरपाई मिळाली, आणि दाद मागायला पुन्हा तेच खाते. त्याच टेकड्यांच्या उतारावर मग बेकायदा गुंठ्या-गुंठ्यांनी विक्री झाली, यात काय आश्चर्य?

अशा मालकासाठी कायद्यात कलम १२७ आहे. आराखडा मंजूर झाल्यापासून दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देतो. ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले न पडल्यास आरक्षण व्यपगत होते. ही मुदत मुळात सहा महिने होती, २००९ मध्ये वर्षाची आणि २०१५ मध्ये दोन वर्षांची झाली. २००७ च्या गिरनार ट्रेडर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसता प्रस्ताव पाठवला, पत्रव्यवहार केला, याला ‘पाऊल’ म्हणता येणार नाही. संपादनाची घोषणा व्हायला हवी. तत्त्व म्हणून हे योग्यच. व्यवहारात काय होते? महापालिकेकडे पैसा नसतो, २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर तर मोबदला आणखी वाढला, फाईल मुदतीत हलत नाही आणि शाळेची, मैदानाची, दवाखान्याची जागा हातची जाते. फाईल पैशांअभावी हलली नाही की मुद्दाम हलवली गेली नाही, हे बाहेरच्याला कळायला मार्ग नाही. आरक्षण गेले तर त्या प्रभागातल्या हजारो माणसांचे मैदान जाते, पण या नोटिशीच्या प्रकरणात ती माणसे पक्षकार नसतात. मालक आणि महापालिका, दोघांतच सगळे मिटते.

बेकायदा बांधकामांच्या बाबतीत तर व्यवस्था पूर्ण उलटी झाली आहे. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या सुरुवातीला त्या पाडल्या गेल्या आणि घरे घेतलेली कुटुंबे रस्त्यावर आली. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्यांवर महारेरा या गृहप्रकल्प नियामकाची नोंदणीसुद्धा मिळवली. पहिल्या इमारतीचा पाया खोदताना आसपासच्या लोकांना दिसत होते. त्यांच्या तक्रारीला ठरावीक दिवसांत लेखी, कारणांसह उत्तर देणे कोणावर बंधनकारक असते आणि त्या उत्तरावर पुढे अपील असते, तर एकेचाळिसावी इमारत उभी राहिली असती का, मला शंका आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाबाबत देशभरासाठी निर्देश दिले: पंधरा दिवसांची नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी, आदेशात कारणे, सगळे पोर्टलवर. बुलडोझरच्या राजकारणाला त्यांनी लगाम घातला हे खरे. पण ते घर पाडले जाणाऱ्याचे संरक्षण आहे. घर चुकीच्या जागी उभे राहू नये म्हणून आधीच दाद मागणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

बाहेरच्या देशांनी काय केले ते पाहताना मला इंग्लंडपेक्षा आयर्लंड जास्त शिकवून जाते. इंग्लंडमध्येही अपील फक्त अर्जदाराला आहे. पण ते ऐकणारा नियोजन निरीक्षक जागा पाहतो, शेजाऱ्यांचे म्हणणे त्या अपिलात ऐकले जाते आणि निर्णयपत्र कारणांसह प्रसिद्ध होते. हे आपोआप झाले नाही. १९५७ च्या फ्रँक्स समितीने अशा चौकश्या खुल्या, न्याय्य आणि निःपक्षपाती असाव्यात असे बजावले. त्यानंतर निरीक्षकांचे अहवाल लोकांना दिसू लागले. तोवर ते मंत्रालयाच्या कपाटात जात.

आयर्लंडच्या १९६३ च्या कायद्याने मात्र अपिलाचा हक्क कोणालाही दिला, शेजाऱ्याला, संस्थेला, गावातल्या कुठल्याही माणसाला. निर्णय मंत्री करत असे. मंत्र्याने दिलेल्या परवानग्यांबद्दल कुजबुज वाढत गेली आणि शेवटी १९७६ च्या कायद्याने हा अधिकार मंत्र्याकडून काढून ‘आन बोर्ड प्लॅनाला’ या स्वतंत्र मंडळाकडे दिला. सुरुवातीला त्याचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा न्यायाधीश असावा अशी अट होती. म्हणजे अपील मंत्र्याकडे ही जी रचना आपण १९६६ मध्ये स्वीकारली तीच आयर्लंडने बारा-तेरा वर्षांत टाकून दिली.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. घरांची टंचाई वाढल्यावर तिथे २०१६ च्या कायद्याने मोठ्या गृहप्रकल्पांसाठी जलद मार्ग काढला गेला. शंभर किंवा जास्त घरांचा प्रकल्प असेल तर नगरपालिका वगळून अर्ज थेट मंडळाकडे. शेजाऱ्यांच्या अपिलाचा टप्पा संपला. मग लोक गेले कुठे? न्यायालयात. एकामागून एक परवानग्या न्यायालयीन पुनर्विलोकनात अडकल्या, कित्येक रद्द झाल्या आणि २०२१ च्या अखेरीस ती व्यवस्था गुंडाळावी लागली. २०२२ मध्ये मंडळाच्या उपाध्यक्षांच्या हितसंबंधांच्या प्रकरणाने मंडळाची पतही घसरली. २०२४ मध्ये नवा नियोजन कायदा झाला आणि २०२५ मध्ये मंडळाच्या जागी आयोग आला. हरकतीचा स्वस्त मार्ग बंद केला की हरकत संपत नाही, ती महाग मार्गावर जाते. आणि मंडळ स्वतंत्र असले तरी त्याच्यावर नजर ठेवावी लागते.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने १९८० मध्ये जमीन आणि पर्यावरण यांसाठी खास न्यायालयच सुरू केले. तिथे कायदा मोडला जात असेल तर कोणीही दाद मागू शकतो, पण गुणदोषांवरचे तिसऱ्या पक्षाचे अपील ठरावीक प्रकारच्या मोठ्या प्रकल्पांपुरतेच आहे. हे वर्गीकरण मला शहाणपणाचे वाटते.

असा स्वतंत्र निवाडा आपल्या राज्याला परका आहे असे म्हणायचीही सोय नाही. एमआरटीपी कायद्यातच नगररचना योजनेसाठी लवाद नेमला जातो आणि त्याच्या काही निर्णयांवर अपील न्यायाधिकरण असते. अध्यक्ष न्यायाधीश, जोडीला दोन असेसर. म्हणजे प्लॉटच्या वाटणीचा वाद न्यायाधीशापुढे जातो, आणि अख्ख्या शहराचे मैदान उठवायचे की नाही हा वाद खात्याच्या दालनात. फ्लॅट वेळेत मिळाला नाही तर ग्राहकाला महारेरा आहे, त्यावर अपिलीय न्यायाधिकरण आहे, आदेश संकेतस्थळावर वाचता येतात. केरळात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आदेशांवर अपील ऐकायला न्यायिक अधिकाऱ्याचे न्यायाधिकरण आहे. इमारत परवानग्यांचे वाद तिथे जातात. आपल्याकडे मात्र इमारत बांधायला दिलेली परवानगी हाच काय तो असा टप्पा, ज्याच्यावरचा निवाडा शोधून वाचायची सोय नाही.

विरोधातले मुद्देही पोकळ नाहीत. शेजाऱ्याला अपील दिले की त्यातून खंडणीचा धंदा सुरू होईल, असे बांधकाम व्यावसायिक म्हणतात. माहिती अधिकाराचे अर्ज टाकून नंतर ‘मिटवायला’ येणारी माणसे प्रत्येक शहरात आहेत, तेव्हा ही भीती काल्पनिक नाही. अपिलाला अनामत, साठ-नव्वद दिवसांची कडक मुदत, तडजोड करून अपील मागे घ्यायला न्यायाधिकरणाची परवानगी आणि खोडसाळ अपिलावर खर्चाचा आदेश, एवढे केले तरी हा धंदा बराच आवळता येतो. लहान घरांना यातून वगळावे. आजोबांनी बांधलेल्या घरावर मजला चढवणाऱ्याच्या मानगुटीवर शेजारी बसवण्यात अर्थ नाही. आरक्षण उठणे, झोन बदलणे, ठरावीक क्षेत्रफळावरचे प्रकल्प, टेकडी, नाला आणि पूररेषेतली बांधकामे, यांपुरते तिसऱ्या पक्षाचे अपील पुरे.

दुसरा आक्षेप लोकशाहीचा. निवडून आलेल्या मंत्र्याऐवजी नुसत्या नेमलेल्या मंडळाने शहराचे भवितव्य का ठरवावे? प्रश्न बरोबर आहे. पण ७४ व्या घटनादुरुस्तीने नगर नियोजन हे बाराव्या अनुसूचीत पहिल्याच क्रमांकावर, नगरपालिकांच्या कामांत घातले. निवडून आलेल्या नगरपालिकेचा आराखडा मंत्रालयात बदलणे हे त्या तत्त्वाशी कितपत जुळते? धोरण ठरवावे सभागृहाने. त्या धोरणात एखादा प्रस्ताव बसतो का, हे ठरवायला मंत्री कशाला हवा?

तिसरा अडसर माणसांचा आहे आणि तोच मला सर्वांत जड वाटतो. नीती आयोगाच्या सप्टेंबर २०२१ च्या अहवालात देशातल्या राज्यांच्या नगररचना विभागांत मंजूर ३,९४५ पदांपैकी ४२ टक्के रिकामी असल्याचे म्हटले आहे, आणि ७,९३३ शहरी वस्त्यांपैकी सुमारे ६५ टक्के वस्त्यांना कोणताही आराखडाच नाही. पुण्यात मुख्यालय असलेला आपला नगररचना विभाग १९१४ पासूनचा, देशातल्या जुन्या विभागांपैकी एक; तरी तालुक्याच्या गावी एकेक नगररचनाकार किती नगरपालिका सांभाळतो ते तिथे कामाला जाणाऱ्या वास्तुविशारदांना विचारावे. न्यायाधिकरण स्थापन करायचे आणि सदस्यच नेमायचे नाहीत, ही देशातल्या न्यायाधिकरणांची जुनी रड आहे. तसे झाले तर आजच्या दालनातली सुनावणी परवडली, असे लोक म्हणतील.

म्हणून कायदा बदलायची वाट न पाहता काय करता येईल ते आधी पाहावे. कलम ४७ आजही शासनाला अधिकारी नेमू देते. प्रत्येक महसुली विभागात असा एक अधिकारी नेमावा, त्याला खात्याचे दुसरे काम देऊ नये आणि त्याचा प्रत्येक आदेश, कारणांसह, मराठीत, त्याच आठवड्यात संकेतस्थळावर यावा. आराखड्यावरच्या हरकतींचे तसेच: सारख्या हरकती एकत्र गटाने ऐकाव्यात, पण प्रत्येक गटावर समितीने काय ठरवले आणि का, हे छापावे. कलम १५४ चा निर्देश आणि कलम ३७(१कक) ची नोटीस एकाच कागदात निघणार नाही, एवढे बंधन शासन स्वतःवर परिपत्रकानेही घालू शकते. कलम १२७ ची नोटीस आल्यावर ती त्या प्रभागात जाहीर चिकटवायला आणि किती दिवस उरले ते संकेतस्थळावर दाखवायला कोणत्या दुरुस्तीची गरज आहे? शेजाऱ्याला अपिलाचा हक्क देण्यासाठी मात्र विधिमंडळातच जावे लागेल. त्या विधेयकाला सत्ताधारी आणि विरोधक, दोन्ही बाकांवरून विरोध होईल असा माझा अंदाज आहे, कारण नगरविकास खाते आज ना उद्या आपल्याकडे येईल, अशी आशा दोघांनाही असते.